श्वास आधी परततो, टाच शेवटी

छातीला मोठी इजा झालेल्या रुग्णाच्या उशाशी बहुतेक वेळा एक साधं प्लॅस्टिकचं उपकरण ठेवलेलं असतं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येक नळीत एक हलकी गोळी आणि तोंडात धरायला एक लवचीक नळी. श्वास आत ओढला की पहिली गोळी वर उडते. त्या वेळी सेकंदाला ६०० घन सेंटिमीटर हवा आत जात असते. दुसरी गोळी उचलायला ९०० लागतात, तिसरीला १२००. धडधाकट माणूस तिन्ही गोळ्या एका दमात वर नेतो. फासळ्यांमधून बंदुकीची गोळी गेलेल्या माणसाला दुसऱ्या गोळीपाशीच घाम फुटतो आणि तिसरी जागची हलतही नाही.

इथून निघालेला माणूस पुढे ३.८ किलोमीटर पोहू शकतो, पाण्यातून बाहेर येऊन १८० किलोमीटर सायकल चालवू शकतो आणि सायकल ठेवून ४२.२ किलोमीटर धावू शकतो, तेही एकाच दिवसात, १७ तासांच्या आत. या शर्यतीला आयर्नमॅन म्हणतात. १९७८ च्या फेब्रुवारीत हवाईच्या ओआहू बेटावर ती पहिल्यांदा झाली. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी बेटावरच्या तीन लांब अंतरांची सांगड घातली, कारण सर्वांत दमाचा कोण, पोहणारा, सायकलवाला की धावणारा, हा वाद काही केल्या मिटत नव्हता. १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पुरी केली.

धडधाकट माणसाचाही कस लावणारी ही शर्यत. ती जखमी शरीराला कशी झेपते, मोडलेलं शरीर कोणत्या क्रमाने जुळतं, कोणता भाग लवकर परततो आणि कोणता महिनोन्‌महिने वाट बघायला लावतो, हे समजून घ्यायला लागलो तेव्हापासून मी या विषयात गुंतून गेलो आहे. शरीराच्या प्रत्येक भागाचं बरं होण्याचं स्वतःचं वेळापत्रक असतं, ही वेळापत्रकं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि पुनरागमनाची सगळी अवघड गंमत या न जुळण्यातच आहे.

दिल्लीच्या राजधानी क्षेत्रात बुलंदशहर जिल्हाही येतो. तिथल्या भटोला गावचे प्रवीण तेवतिया नौदलाच्या मार्कोस पथकात कमांडो होते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या ताज हॉटेलात दहशतवादी घुसले तेव्हा आत शिरलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. अंधाऱ्या खोलीत त्यांना चार गोळ्या लागल्या. फुप्फुसाला इजा झाली, एका कानाची ऐकण्याची शक्ती बरीचशी गेली. त्यांना शौर्यचक्र मिळालं. कित्येक महिने रुग्णालयात काढून ते कामावर परतले, पण प्रत्यक्ष मोहिमेची कामं त्यांना मिळेनात. २०१५ मध्ये ते पाच किलोमीटर धावले. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी लडाखमधली ७२ किलोमीटरची खार्दुंग ला अल्ट्रा मॅरेथॉन पुरी केली, आणि एप्रिल २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आयर्नमॅन.

फुप्फुस दुखावलेला माणूस जिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो अशी खिंड ओलांडून ७२ किलोमीटर धावतो. हे कसं घडतं?

याचं उत्तर फुप्फुसाच्या रचनेत आहे. आपल्या छातीत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर नोएडातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटची सगळी फरशी झाकली जाईल, जवळपास ७० चौरस मीटर. या पृष्ठभागाच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मधलं पटल एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. आपण शांत बसलेलो असताना तांबडी रक्तपेशी वायुकोशाला खेटून असलेल्या केशवाहिनीतून जायला साधारण पाऊण सेकंद घेते. प्राणवायू भरून घ्यायला तिला त्यातलं पाव सेकंद पुरतं. उरलेलं अर्धं सेकंद ती भरलेलीच पुढे जात असते. म्हणजे बसल्या जागी आपण फुप्फुसाचा जेमतेम एक हिस्सा वापरतो आणि बाकीचा राखून ठेवतो. श्वासाचंही तसंच. विश्रांतीत मिनिटाला पाच-सहा लिटर हवा पुरते. जोरात धावताना ती शंभर लिटरच्या वर जाते, आणि तेव्हाही निरोगी माणसाचं फुप्फुस सहसा हात टेकत नाही. आधी थकतं ते हृदय, त्याची रक्त पुढे ढकलण्याची ताकद. आयर्नमॅनमध्ये कोणी जीव तोडून पळत नाही. बारा-पंधरा तास टिकेल अशा चालीला मिनिटाला साठ-सत्तर लिटर हवा भागते. फुप्फुसाचा काही भाग गमावलेल्या माणसाकडेही एवढी शिल्लक बहुधा असते. ती शिल्लक वापरायला शिकणं, श्वासाचे स्नायू तयार करणं आणि धाप लागली की घाबरायचं नाही हे मनाला पटवणं, हे मात्र त्यालाच करावं लागतं.

यापेक्षाही विलक्षण गोष्ट २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. एका बाईचं उजवं फुप्फुस कर्करोगामुळे ३३ व्या वर्षी पूर्ण काढून टाकलं होतं. पंधरा वर्षांनी तपासलं तेव्हा तिच्या उरलेल्या डाव्या फुप्फुसातल्या वायुकोशांची संख्या सुमारे ६४ टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज निघाला. माणूस मोठा झाला की फुप्फुसाची वाढ संपते, असं डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या शिकत आले होते. या बाईने व्यायाम नेमाने केला होता, आणि श्वासागणिक त्या फुप्फुसावर पडणारा ताण हाच वाढीचा निरोप असावा असं संशोधकांनी मांडलं. एका माणसावरून सगळ्यांचा नियम काढता येत नाही, हे खरं. पण असं एकदा जरी घडू शकतं, तरी प्रौढ शरीराकडे बघण्याची आपली नजर बदलायला हवी.

आता हृदयाकडे येऊ. माणूस जखमी झाला की त्याला पहिल्यांदा खाटेवर आडवं करतात, आणि ही खाट स्वतःच किती नुकसान करते याचा हिशेब १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डलासमध्ये मांडला गेला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. उठवलं तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे २७ टक्क्यांनी घसरली होती. मग दोन महिने कसून व्यायाम करवला, तर ती मूळ पातळीच्याही वर गेली. हे पाचही जण ३० वर्षांनी, पन्नाशीत, पुन्हा तपासणीला आले. वजन वाढलं होतं, पोट सुटलं होतं. तरीही ३० वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून अधिक त्या विशीतल्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं. सहा महिने बेताच्या व्यायामानंतर वयामुळे गमावलेली क्षमता त्यांनी भरून काढली.

ही एवढी घसरण आणि एवढी भरपाई इतक्या झपाट्याने होते ती मुख्यतः रक्तामुळे. आडवं पडलं की काही दिवसांतच रक्तातला पाण्याचा अंश कमी होतो, हृदयात कमी रक्त भरतं, प्रत्येक ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं. पुन्हा हालचाल सुरू झाली की आठवड्या-दोन आठवड्यांत पाणी परततं. स्नायूसुद्धा फार मागे राहत नाहीत. ऑस्लोच्या क्रिस्टियान गुंडरसन यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं की, व्यायामाने वाढलेल्या स्नायूतंतूत जी जादा पेशीकेंद्रं तयार होतात, ती स्नायू सुकला तरी लवकर नाहीशी होत नाहीत. माणसात ती किती काळ टिकतात यावर अजून वाद चालू आहे. पण कधीकाळी कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर भरतो, हा अनुभव प्रत्येक जुन्या खेळाडूच्या गाठीशी असतो.

जखमी शरीराला हलायला लावायचं तर कुठे, हा पुढचा प्रश्न. यावर आपल्याच मातीतला माणूस आठवतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर लष्कराच्या ईएमई या तांत्रिक शाखेत होते आणि मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. एक मणक्यात रुतून राहिली आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. त्याच १९६५ साली मे महिन्यात एव्हरेस्ट चढलेले मेजर एच. पी. एस. अहलुवालिया हेही काही महिन्यांतच गोळी लागून चाकाच्या खुर्चीत बसले. दिल्लीत वसंत कुंजचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर हे त्यांनी उभं केलेलं काम.

पाणी पेटकरांच्या मदतीला कसं आलं याचा हिशेब सोपा आहे. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजन येतं ते सुमारे निम्मं. छातीपर्यंत पाणी आलं की पंचवीस-तीस टक्के. गळ्यापर्यंत गेलं की दहा टक्क्यांच्या आसपास. सत्तर किलोच्या माणसाच्या पायांना तिथे जेमतेम सात किलो जाणवतात. म्हणून पाय मोडलेले ट्रायथलीट जमिनीवर धावायला बंदी असते तेव्हा खोल पाण्यात कमरेला पट्टा बांधून जागच्या जागी धावतात. गुडघा, टाच, नडगी यांना आदळआपट माहीतही होत नाही, आणि हृदय मात्र जवळजवळ खरोखरच्या धावण्याइतकं कामाला लागतं.

पाण्याचं दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही. गळ्यापर्यंत बुडालेल्या शरीरावर चहूबाजूंनी दाब पडतो, पायांतलं आणि पोटातलं सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकतं, हृदय जास्त भरतं आणि प्रत्येक ठोका दमदार होतो. खाटेने जे हिरावून घेतलं, तेच पाणी पहिल्या बुडीत परत देऊ लागतं.

पण फुप्फुसाला इजा झालेल्यासाठी हेच पाणी उलटं वागतं. तोच दाब फासळ्यांवर पडतो, छातीत गोळा झालेलं रक्त हवेची जागा अडवतं, आणि गळ्यापर्यंत पाण्यात नुसतं उभं राहून श्वास घ्यायचा तरी श्वासाच्या स्नायूंना जमिनीपेक्षा दीडपटीहून अधिक काम पडतं. त्यातून फ्रीस्टाइलमध्ये हवी तेव्हा हवा मिळत नाही. हात पाण्याबाहेर येईल तेव्हाच तोंड वळवायचं. धावताना धाप लागली तर चालता येतं, सायकलवर पायडल थांबवता येतं. पाण्यात थांबायला जागा नाही.

इथे मला एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. ट्रायथलॉनमध्ये आधी पोहणं, मग सायकल, शेवटी धावणं असा क्रम आहे. तो ठेवला आहे सुरक्षेसाठी, थकलेला माणूस पाण्यात नको म्हणून. पण पायाच्या दुखापतीतून परतणारा माणूसही याच क्रमाने परततो. पहिल्यांदा पाणी, जिथे वजनच नसतं. मग सायकल, जिथे पायाला जोर लावावा लागतो पण आदळ नसते. सर्वांत शेवटी धावणं. शर्यतीचा एक दिवस ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने दुखऱ्या पायाचं सबंध वर्ष जातं. फुप्फुसाच्या जखमेला मात्र हा क्रम उलटा पडतो. तिथे जमिनीवरच्या संथ धावेने सुरुवात करणं सोपं आणि पाणी सर्वांत कठीण. दुखापत कुठे आहे यावर परतीची दिशा ठरते. म्हणूनच एकाला लागू पडलेलं वेळापत्रक दुसऱ्याच्या हातात देणारा प्रशिक्षक मला धोकादायक वाटतो.

हाडांबद्दल थोडक्यात. हाड मोडलं की ते सांधतं, आणि बहुतेकदा व्रण न ठेवता सांधतं. त्वचेलाही हे जमत नाही. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनचा ट्रायथलीट टिम डॉन आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेसाठी हवाईतल्या कोनाला पोचला होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने ७ तास ४० मिनिटांत आयर्नमॅन पुरी करून त्या वेळचा विक्रम केला होता. शर्यतीच्या आठवड्यातच सराव करताना ट्रकची धडक बसून त्याच्या मानेचा दुसरा मणका मोडला. डोक्याच्या कवटीत स्क्रू रोवून बसवलेली धातूची कडी त्याने सुमारे तीन महिने वागवली. अपघातानंतर सहा महिन्यांनी तो बोस्टन मॅरेथॉन २ तास ४९ मिनिटांत धावला आणि वर्षभराने पुन्हा कोनाच्या आरंभरेषेवर होता.

हाडाचा एक डाव मात्र ध्यानात ठेवावा असा आहे. धावण्याचा नवा भार पडला की हाड आधी स्वतःला पोखरतं. जुना भाग खाणाऱ्या पेशी पहिल्यांदा कामाला लागतात, नवं हाड भरणाऱ्या मागून येतात, आणि भरणीला तीन-चार महिने लागतात. मधल्या आठवड्यांत हाड आधीपेक्षा कमजोर असतं. प्रशियाच्या लष्करातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब कवायतींनंतर सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात याची नोंद केली. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर कळलं की ती पावलाच्या हाडांना गेलेली बारीक तड होती. सराव वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी ठुसठुसायला लागली, तर ती दुर्लक्ष करायची गोष्ट नव्हे.

आणि आता टाच. पोटरी जिथे निमुळती होत टाचेला मिळते, तिथे बोटाच्या चिमटीत सापडते ती कंडरा. धावणारे तिला अकिलीस म्हणतात. प्रत्येक पावलागणिक तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. मॅरेथॉनमध्ये साधारण चाळीस हजार पावलं पडतात, म्हणजे एकेका टाचेच्या वाट्याला वीस हजार. ही कंडरा ताणली जाते, ऊर्जा साठवते आणि पाऊल उचलताना त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक परत देते. १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईत पाय गमावलेले मेजर देवेंद्र पाल सिंग २००९ मध्ये दिल्ली हाफ मॅरेथॉन धावले. पुढे त्यांना कार्बनचं धावण्याचं पातं मिळालं. ते पातं दाबलं जाऊन उसळतं तेव्हा हेच काम करतं. माणसाने कार्बन फायबरमधून मोठ्या खटपटीने जे घडवलं, ते आपल्या टाचेमागे जन्मतः आहे.

पण या कंडरेचं वय किती? कोपनहेगनमध्ये कात्या हाइनेमायर आणि मिकाएल केअर यांच्या गटाने २०१३ मध्ये याचं उत्तर शोधलं, आणि त्यासाठी त्यांनी अणुबॉम्बचा आधार घेतला. १९५५ ते १९६३ या काळात मोकळ्या हवेत झालेल्या अणुचाचण्यांनी वातावरणातला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला होता. तो झाडांत गेला, अन्नात गेला, आणि त्या वर्षांत जगणाऱ्या प्रत्येकाच्या शरीरात बसला. १९६३ च्या बंदीनंतर हवेतलं प्रमाण उतरत गेलं. त्यामुळे शरीराचा कोणता भाग कधी घडला हे त्यातल्या कार्बनवरून वाचता येतं. वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्यांच्या टाचेच्या कंडरा तपासल्या तेव्हा दिसलं की, गाभ्यातला कार्बन त्यांच्या सतराव्या वर्षाच्या आगेमागेचा आहे. स्नायू पुनःपुन्हा नवा होत होता. कंडरेचा गाभा पौगंडावस्था संपताना घडला तो तसाच राहिला होता. पन्नाशीचा धावपटू धावतो तो आपल्या सतराव्या वर्षीच्या टाचेवर.

मग दुखावलेली टाच सुधारते ती कशी? स्वीडनमधल्या उमेओचे अस्थिशल्यविशारद होकन आल्फ्रेडसन स्वतः धावपटू होते आणि त्यांची अकिलीस सतत दुखायची. शस्त्रक्रिया करा म्हणून ते वरिष्ठांच्या मागे लागले. टाच अजून तेवढी बिघडलेली नाही, म्हणून वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा आल्फ्रेडसन यांनी ती बिघडवायचीच असं ठरवलं. दुखत असतानाही पायरीच्या कडेला चवड्यावर उभं राहून टाच खाली सोडायची, वजन वाढवत जायचं. काही आठवड्यांत टाच फाटायच्या ऐवजी बरी झाली. १९९८ मध्ये त्यांनी पंधरा हौशी धावपटूंवर हा उपाय बारा आठवडे करून प्रसिद्ध केला, आणि आज जगभरच्या फिजिओंच्या हाताशी तो आहे.

जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवायचे, टाचा हवेत. दोन्ही पायांनी वर उचलायचं, मग चांगला पाय सोडून द्यायचा आणि सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या पातळीखाली उतरवायची. पंधरा वेळा, तीन खेपा, गुडघा सरळ ठेवून. तेवढंच पुन्हा गुडघा किंचित वाकवून, म्हणजे पोटरीचा खोलातला स्नायूही कामाला लागतो. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाला १८० वेळा. यात वेग काही उपयोगाचा नाही. टाच उतरतानाचा संथपणाच कामाचा. ताण पडला की कंडरेतल्या पेशी तो ओळखतात आणि कडेकडेने नवं कोलॅजन विणतात. गाभा बदलत नसला तरी कंडरा ताठ आणि जाड होते. बारा आठवडे हा कमीत कमी काळ, सहा महिने हा खरा.

आता ही सगळी वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवून बघा. रक्त दोन आठवड्यांत परततं. हृदय आठ आठवड्यांत. स्नायू त्याच्या थोडं मागे. हाडाला चार महिने, कंडरेला सहा आणि त्याहून जास्त. दुखापतीतून उठलेल्या माणसाला आठव्या आठवड्यात छातीत दम वाटतो, पाय हलके वाटतात, घड्याळातला वेग जुन्या वेगाशी जुळायला लागतो. त्या दिवशी त्याचं हृदय त्याच्या टाचेच्या चार महिने पुढे असतं. दुसऱ्यांदा होणाऱ्या दुखापती याच दिवसांत होतात. लांब पल्ल्याच्या खेळाडूला यात जास्त धोका आहे, कारण दमाचं इंजिन त्याच्याकडे आधीपासून मोठं असतं.

राजधानी क्षेत्रात राहणाऱ्याला यावर आणखी एक वेळापत्रक सांभाळावं लागतं, ते हवेचं. हवेतल्या अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ६०. हिवाळ्यात थंड जड हवा जमिनीलगत कोंडली जाते, वर गरम हवेचं झाकण बसतं, वारा पडतो आणि दिल्लीत हा आकडा या दोन्ही मर्यादांच्या कितीतरी पट वर जातो. तासभर संथ धावणारा माणूस शांत बसलेल्याच्या दहापट हवा आत घेतो, आणि ती बरीचशी तोंडाने, म्हणजे नाकातली गाळणी चुकवून. एका तासाच्या धावण्यात दहा तासांची धूळ. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने दिल्ली हाफ मॅरेथॉन पुढे ढकलावी म्हणून उच्च न्यायालयात धाव घेतली होती. शर्यत ठरल्या दिवशी झाली; पुढच्या वर्षी ती ऑक्टोबरात आणली गेली. वायुकोशांचं ते पटल किती पातळ आहे हे एकदा कळलं, की डिसेंबरच्या पहाटे दाट धुरक्यात इंडिया गेटपाशी धावणाऱ्यांना थांबवावंसं वाटतं.

तरीही टाच दुखावलेल्या दिल्लीकर ट्रायथलीटला या ऋतुचक्राचा उपयोग करून घेता येतो. समजा, ऑक्टोबरच्या शेवटी टाचेत कळ आली. पुढचे बारा आठवडे जिन्याच्या पायरीवर जातात, नेमके त्याच दिवसांत जेव्हा बाहेर धावणं तसंही शहाणपणाचं नसतं. सायकल खोलीत ट्रेनर स्टँडवर चढवायची, शक्य असेल तर हवा शुद्ध करणारं यंत्र चालू ठेवून. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा मोकळी होते, तेव्हा नेहरू पार्कच्या मऊ वाटेवर एक मिनिट धाव आणि दोन मिनिटं चाल अशी सुरुवात होते. पाण्याचा क्रम इथे मागे पडतो, कारण शहरातले उघडे तरणतलाव एप्रिलपासून सुरू होतात. मे-जूनच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांत पाण्याइतकी चांगली जागा नाही. जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत दिल्लीची हवा वर्षात सर्वांत स्वच्छ असते, आणि गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावर अरवलीच्या चढांवरून पहाटेच्या लांब सायकलफेऱ्या तेव्हाच व्हायच्या. तोवर कंडरेचे दहा महिने झालेले असतात. २०१९ पासून गोव्यात होणारी अर्ध्या अंतराची आयर्नमॅन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच येते: मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धाव. वर्षभर तलावातच पोहलेल्या दिल्लीकराने तिथे शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी पोचून एकदा तरी लाटांत उतरावं. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं, शरीर वर उचलून धरतं, आणि डोकं वर काढून दिशा बघत पोहायची सवय तलावाच्या तळावरच्या काळ्या रेषेने लावलेली नसते.